डब्ल्यू १२४ मर्सिडीजचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोणत्या गाडीला लागू पडतात?

मर्सिडीज-बेंझच्या ज्या गाड्यांना जाणकार ‘डब्ल्यू १२४’ म्हणतात, त्यांतल्या सेडान गाड्यांना. ही मालिका १९८४ च्या अखेरीस जर्मनीत आली आणि १९९३ मध्ये तिला ई-क्लास हे नाव मिळाले. आपल्याकडे तिचे नाते थेट पुण्याशी आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने १९९५ मध्ये टेल्कोच्या (म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरी-चिंचवड परिसरातील आवारात जी पहिली गाडी जोडायला घेतली, ती हीच, ई २२०. चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९ चा. त्या पहिल्या गाड्या आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक अजून नियमित चालतात. माझ्याकडची ई २२० त्यांपैकीच एक असून खाली लिहिलेल्यातले बरेचसे तिच्याखाली आडवे पडून शिकलेले आहे. एअर सस्पेन्शन असलेल्या नंतरच्या गाड्यांना यातले फारसे काही लागू होणार नाही.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर नेमके कोणते काम करतो?

गाडीचे वजन शॉक पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. खड्ड्यात चाक आदळले की स्प्रिंग दबते, मग उसळते, पुन्हा दबते, आणि तिला कोणी अडवले नाही तर गाडी होडीसारखी हेलकावत राहते. हे हेलकावे थांबवणे हे शॉकचे काम. त्याच्या दांड्याच्या टोकाचा पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपांतून जाते आणि उसळीची ताकद उष्णता होऊन विरते. लांबच्या खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकच्या नळीजवळ हात नेला तर ती गरम झालेली जाणवते.

गॅरेजमध्ये याला सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात आणि गाडी खाली बसली की ‘शॉकअप बसला’ असे निदान होते. गाडीची उंची कमी झाली असेल तर दोष बहुतेक वेळा स्प्रिंगचा किंवा तिच्यावरच्या रबरी पॅडचा असतो. नवे शॉक घातल्याने ती उंची परत येत नाही.

शॉक निकामी झाला आहे, हे कसे ओळखावे?

बोनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचे, ही चाचणी सर्वांना ठाऊक असते. तिच्यातून पूर्ण मेलेला शॉक सापडतो, अर्धा मेलेला सापडत नाही, कारण हाताने दिलेला झोका फार संथ असतो. शिवाय जुन्या गाडीत इतर सांध्यांतील घर्षणही तो झोका लवकर थांबवते.

त्यापेक्षा रस्ता जास्त खरे सांगतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सिमेंटच्या रस्त्याचे सांधे ठरावीक अंतराने येतात. त्यांवरून जाताना गाडीचा मागचा भाग प्रत्येक सांध्यानंतर एकदा हलून थांबला पाहिजे. एक हेलकावा संपण्याआधी दुसरा सुरू होत असेल, तर मागचे शॉक संपले आहेत. ब्रेक दाबल्यावर गाडीने नाक खाली घालणे, वळणावर एका अंगाला कलून उशिराने सावरणे आणि टायरच्या पृष्ठभागावर हाताला ठिकठिकाणी खोलगे लागणे ही बाकीची लक्षणे.

तेलाच्या गळतीबद्दल थोडे सांगायला हवे. दांड्यावर नेहमी तेलाचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर धूळ बसते आणि नळीचा वरचा भाग मळकट दिसतो. एवढ्यावरून शॉक बदलू नये. नळीवरून खालपर्यंत ओला ओघळ आला असेल, पुसल्यावर आठवडाभरात पुन्हा येत असेल, तरच ती गळती समजावी. याउलट, बाहेरून कोरडा ठणठणीत दिसणारा शॉक आतल्या झडपा झिजल्यामुळे निरुपयोगी असू शकतो. किती किलोमीटरनंतर बदलावा याचा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा साधारण ८०,००० आहे, परंतु तो तपासणीचा टप्पा समजावा, मृत्यूची तारीख नव्हे.

पुढून ‘खटखट’ असा आवाज येतो. शॉकच गेला ना?

बहुतेक वेळा नाही. निकामी शॉकमुळे गाडी हेलकावते, आवाज फारसा करत नाही. छोट्या खड्ड्यांवरून हळू जाताना येणारी कोरडी खटखट बॉल जॉइंटची (चाकाजवळच्या गोळीच्या सांध्याची), खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बुशांची (सांध्यातल्या रबरांची), गाडीला वळणावर कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारच्या रबरांची किंवा शॉकच्या वरच्या माउंटची, म्हणजे त्याला बॉडीशी जोडणाऱ्या रबरी बैठकीची असते. मी स्वतः पुढचे दोन्ही शॉक बदलले, आवाज जसाच्या तसा राहिला, आणि नंतर कळले की दोष वरच्या माउंटच्या रबरात होता. ते माउंट शॉकच्या तुलनेत कितीतरी स्वस्त मिळते आणि शॉक बदलताना उघडावेच लागते. म्हणजे मिस्त्रीने ते हातात घेऊन पाहिले होते आणि तेच पुन्हा बसवले होते.

माउंट तपासायची सोपी रीत अशी आहे. बोनेट उघडून एकाने माउंटच्या मधल्या नटाकडे पाहत राहावे आणि दुसऱ्याने गाडी उभी असताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवावे, मग तोच कोपरा खाली-वर दाबावा. नट उडी मारल्यासारखा हलला किंवा रबर धातूपासून सुटलेले दिसले, तर दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

टायरही अनेकदा शॉकच्या नावावर खपतात. या गाडीला १९५/६५ आर १५ हा नेहमीचा माप आहे. कमी वापराच्या गाडीत टायरची नक्षी उत्तम दिसते, पण रबर लाकूड झालेले असते. बाजूच्या भिंतीवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ते वर्ष दहा वर्षांपूर्वीचे असेल, तर आधी टायर बदलावेत आणि मग शॉकचा विचार करावा.

माझ्या गाडीला मागे हायड्रॉलिक लेव्हलिंग आहे की नाही, हे कसे समजेल, आणि त्याने काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो, म्हणून खरेदीच्या आधी हे पाहावेच. या मालिकेतील स्टेशन वॅगन गाड्यांना मागे आपोआप उंची राखणारी यंत्रणा मूळचीच होती, आणि सेडानला ती जादा पैसे देऊन घेता येत असे. गाडीच्या डेटा कार्डावर, म्हणजे गाडीत कारखान्यातून काय काय बसवून आले ते सांकेतिक क्रमांकांत नोंदवलेल्या कार्डावर, ४८० हा क्रमांक असेल, तर ती आहे. कार्ड हरवले असेल, तर इंजिनच्या कप्प्यात या यंत्रणेची तेलाची वेगळी टाकी दिसते आणि मागच्या चाकांजवळ धातूचे गोलाकार साठवण-गोळे व त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या दिसतात.

अशा गाडीत मागे जे बसवलेले असते ते साधे शॉक नसतात, ते हायड्रॉलिक स्ट्रट असतात, आणि धक्का झेलण्याचे काम त्या गोळ्यांतील पडद्यामागचा नायट्रोजन वायू करतो. पडदा फाटला की गाडीचा मागचा भाग बैलगाडीसारखा टणटणीत होतो. तेव्हा गोळे बदलायचे असतात, स्ट्रट बहुधा शाबूत असतात. ‘ही भानगड काढून टाकू, साधे शॉक घालू’ असा सल्ला मिळतो, पण या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगा मुळातच कमी ताकदीच्या असतात, कारण वजनाचा काही भाग तेलाचा दाब उचलतो. नुसते साधे शॉक घातले तर गाडी मागे बसते. रूपांतर करायचेच असेल, तर स्प्रिंगांसह करावे लागते.

माझ्या गाडीसाठी बरोबर शॉक कोणता, हे कशावरून ठरवायचे?

मॉडेलच्या नावावरून नव्हे, चासी क्रमांकावरून. ‘ई २२० चे शॉक द्या’ असे दुकानात म्हटले, तर जे मिळते ते कदाचित बसेल, कदाचित गाडीला शोभणारही नाही. या मालिकेत साधे सस्पेन्शन, खाली बसवलेले व कडक स्पोर्टलाइन, लेव्हलिंगचे असे वेगवेगळे प्रकार होते आणि प्रत्येकाचे शॉक वेगळे होते. कारखान्यात स्प्रिंगसुद्धा गाडीत काय काय बसवले आहे त्याच्या गुणांची बेरीज करून निवडली जात असे. एअर कंडिशनरचे इतके गुण, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे इतके, सनरूफचे इतके. त्या बेरजेनुसार स्प्रिंग आणि तिच्यावरचे रबरी पॅड ठरत.

हे पॅड एकदा हातात घेऊन पाहण्यासारखे आहेत. त्यांच्या कडेला बोंडासारखे उंचवटे असतात, एकापासून चारपर्यंत, आणि दर उंचवट्यामागे पॅडची जाडी साधारण ५ मिलिमीटरने वाढते. स्प्रिंग आर्मवर चाकापेक्षा आतल्या बाजूला बसत असल्यामुळे पॅडमध्ये पडलेला फरक चाकाशी आणखी मोठा होऊन दिसतो. एका बाजूला दोन उंचवट्यांचा आणि दुसऱ्या बाजूला तीनचा पॅड बसला, की गाडी एका अंगाला कललेली दिसते, आणि दोष मात्र नव्या शॉकवर येतो.

गाडीवरच्या जुन्या शॉकवरचा क्रमांक उतरवून घेणे उपयोगी असते, मात्र तो अंतिम पुरावा मानू नये. तीस वर्षांत गाडी चार मालकांकडून फिरलेली असते आणि मधल्या एखाद्याने मिळेल तो शॉक बसवलेला असतो. चासी क्रमांक, डेटा कार्ड आणि जुना क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळले, तरच निश्चिंत व्हावे.

एकनळी आणि दोननळी शॉक यांत काय फरक आहे?

दोननळी शॉकमध्ये आतल्या नळीत पिस्टन चालतो आणि बाहेरच्या नळीत जादा तेल व त्यावर हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन असतो. एकनळीत तेल आणि वायू एकाच नळीत असतात, मध्ये सरकता पिस्टन त्यांना वेगळे ठेवतो, आणि वायूचा दाब २० ते ३० बारच्या घरात असतो. ही दुसरी रचना फ्रेंच संशोधक ख्रिश्चन बुर्सिए द कार्बाँ यांची. ती बिलस्टीनने उचलली आणि १९५०च्या दशकात मर्सिडीजच्या गाड्यांवर नियमित उत्पादनात आणली.

व्यवहारात याचे अर्थ असे. खराब रस्त्यावर सतत काम करताना दोननळीतले तेल आणि हवा मिसळून फेस होतो व शॉक काही काळ ढिला पडतो. एकनळीत ही शक्यता फार कमी, आणि बाहेरची नळी हीच कामाची नळी असल्यामुळे उष्णताही लवकर निघून जाते. मात्र त्याच कारणाने एकनळी शॉकच्या अंगावर दगडाचा खोल घाव बसला, तर पिस्टन अडकतो, दोननळीला असा घाव सहज पचतो. दाबून सोडलेला एकनळी शॉक स्वतःहून पूर्ण बाहेर येतो. दोननळी सावकाश येतो, किंवा त्यात वायू नसेल तर येतच नाही. दुकानात दोघांची तुलना करून ‘हा मेलेला आहे’ असा निष्कर्ष काढू नये.

बिलस्टीन बी ४, बी ६, बी ८ आणि साक्स यांपैकी काय घ्यावे?

बिलस्टीन आणि साक्स या दोन्ही जर्मन कंपन्या या गाडीला मूळ पुरवठा करणाऱ्यांपैकी आहेत. साक्स २००१ पासून झेडएफ समूहात आहे. बी ४ म्हणजे मूळ शॉकच्या जागी त्याच स्वभावाचा शॉक. बी ६ म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठीचा, पण लक्षणीय कडक, उच्च दाबाचा एकनळी शॉक, ज्याला जुने लोक ‘हेवी ड्यूटी’ म्हणून ओळखतात. बी ८ हा गाडी खाली करणाऱ्या आखूड स्प्रिंगांसाठीचा आखूड शॉक. मूळ स्प्रिंगांवर बी ८ घातला, तर चाकाला खाली येण्यासाठी पुरेशी लांबी उरत नाही आणि प्रत्येक खोल खड्ड्यात शॉक आतून आपटतो. ही चूक मी दोन गाड्यांत पाहिली आहे आणि दोन्ही वेळा मालकांनी ‘सर्वांत महागडा घेतला’ असे अभिमानाने सांगितले होते.

मूळ अवस्थेतील ई २२० किंवा ई २५० डिझेलसाठी माझे मत साक्स किंवा बी ४ या बाजूने आहे. त्या दोघांत निवड करताना मी ताजा माल ज्याचा मिळेल तो घेईन. कोनी, मन्रो आणि केवायबी यांचेही शॉक या गाडीसाठी मिळतात. कोनीच्या काही शॉकांचा कडकपणा आपण कमी-जास्त करू शकतो, ही त्यांची खासियत, पण ज्याला रोज ऑफिसला जायचे आहे त्याला तिचा उपयोग थोडा.

आपल्याकडचे रस्ते खराब आहेत. मग कडक शॉक बरे नाहीत का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि प्रश्नातच उत्तर ठरलेले असते. कडक म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे खड्ड्यांना पुरून उरणारा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कडक शॉक चाकाला खड्ड्याच्या कडेवरून पटकन वर जाऊ देत नाही, त्यामुळे जो धक्का स्प्रिंगने झेलायचा तो शॉकमधून सरळ माउंटकडे, तिथून बॉडीकडे आणि बसणाऱ्याच्या कंबरेकडे जातो. तीस वर्षांच्या गाडीतली सगळी रबरे आधीच थकलेली असतात. त्यांच्यावर कडक शॉकचा मारा सुरू झाला की वर्षभरात एकामागून एक बुश बोलू लागतात. मागच्या प्रत्येक चाकाला या गाडीत पाच दुवे आहेत आणि प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांना सांधे आहेत, हे लक्षात घेतले की खर्चाचा अंदाज येतो.

या गाडीची खरी श्रीमंती तिच्या चामड्याच्या आसनांत नाही. लांब चालीच्या मऊ स्प्रिंगा आणि त्यांना नेमके आवरणारे शॉक यांच्या जोडीत ती आहे. रस्ता जितका वाईट, तितकी ही जोडी मूळ मापाची असण्याची गरज जास्त.

बी ६ ला माझा सरसकट विरोध नाही. नियमित घाट चढणारे, भरल्या गाडीने वेगात लांबचा प्रवास करणारे आणि ज्यांच्या गाडीची सर्व रबरे नुकतीच बदललेली आहेत अशा मालकांना तो आवडतो. सीएनजी सिलिंडर बसवलेल्या गाड्यांचे मालकही मागे बी ६ मागतात, कारण डिकीत कायमचे ओझे असते आणि गाडी मागे झुकते. तिथे मात्र गल्लत आहे. झुकणे हा स्प्रिंगचा प्रश्न आहे, आणि तो जास्त जाडीच्या पॅडने किंवा योग्य ताकदीच्या स्प्रिंगने सोडवावा.

चारही बदलावे लागतील का?

किमान एकाच धुरेवरचे दोन्ही. डावा नवा आणि उजवा जुना असेल, तर जोरात ब्रेक लावताना किंवा वळणावर गाडी दोन्ही बाजूंना वेगवेगळी वागते. पैसे एकदम निघत नसतील, तर आधी मागचे, काही महिन्यांनी पुढचे, असे करता येते. पण दोन्ही धुरांवर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे शॉक असावेत.

कुर्ल्याच्या बाजारातून वापरलेले मूळ शॉक घेतले तर?

कुर्ल्यात काय, पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला काय, या गाडीचे दरवाजे, दिवे, काचा, स्विच निःशंक घ्यावेत, मीही घेतले आहेत. शॉक घेऊ नये. तो झिजण्यासाठीच असलेला भाग आहे, आणि मोडीत निघालेल्या गाडीतला शॉक आपल्या शॉकच्याच वयाचा असतो. दांडा पुसून, नळीला काळा रंग मारून ठेवलेला शॉक काउंटरवर देखणा दिसतो, एवढेच.

जुना शॉक दुरुस्त करून मिळतो असे ऐकले. ते कितपत योग्य?

नळीला भोक पाडून किंवा वरचे तोंड कापून नवे तेल भरायचे, दांड्याभोवतीचे रबरी सील बदलायचे आणि पुन्हा वेल्डिंग करायचे, असे काम अनेक गावांत होते. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या गतीने चालणाऱ्या वाहनाला ते चालून जात असेल. इथे अडचण तीन ठिकाणी आहे. तेलाचा दाटपणा मूळचा राहत नाही, वायूचा दाब पुन्हा भरला जात नाही आणि झिजलेल्या झडपांना कोणी हात लावत नाही. अशा शॉकने पहिले पंधरा दिवस गाडी छान वाटते, कारण दाट तेलामुळे ती कडक झालेली असते.

इशारा म्हणून एक गोष्ट : उच्च दाबाचा वायूभरित शॉक कापणे किंवा तापवणे जिवावर बेतू शकते. जुने शॉक भंगारात देतानाही ते वायूचे आहेत हे सांगून द्यावेत.

शॉकसोबत आणखी काय बदलावे?

वरचे माउंट, दांड्यावरचा आपट-रबर आणि धुळीचे आवरण हे तर बदलावेच. आपट-रबर जुन्या गाड्यांत बोटाने दाबल्यावर भुगा होतो, आणि त्याचा भुगा दांड्यावर बसून नव्या सीलला खातो. आवरण फाटले असेल, तर कोकणातल्या लाल मातीने तेच काम अधिक वेगाने होते. स्वतःला आवळून धरणारे नट पुन्हा वापरू नयेत.

स्प्रिंगा काढायच्या नसल्या तरी त्यांचे शेवटचे वेढे जरूर पाहावेत. मागच्या खालच्या आर्मला प्लास्टिकचे आच्छादन असते. माझ्या गाडीचे ते सोडवले तेव्हा आतून ओंजळभर ओली माती पडली, तिच्यामागे स्प्रिंगचा तळवेढा गंजून पापुद्रे सुटलेला होता. किनारपट्टीवरच्या, म्हणजे मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यातल्या गाडीत हे आच्छादन उघडल्याशिवाय शॉकचे काम सुरूच करू नये.

खरा माल आणि नकली माल कसा ओळखायचा? जुना साठा चालतो का?

खोक्यावरचा क्रमांक आणि शॉकच्या नळीवर उमटवलेला क्रमांक एकच हवा. नळीवर नुसता चिकटलेला कागद असेल आणि ठसा नसेल, तर संशय घ्यावा. दांड्याचा पॉलिश आरशासारखा हवा, नखाने ओढल्यास कुठेही अडथळा लागू नये. डाव्या-उजव्या दोन्ही शॉकांचे दांडे एकामागून एक दाबून पाहावेत आणि ताकद सारखी लागते का हे हातानेच तपासावे.

दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला मूळ खोक्यातला शॉक मोहात पाडतो. तेल खराब होत नसले तरी सीलचे रबर एका जागी बसून कडक होते आणि बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत गळू लागते. म्हणून उत्पादनाची तारीख पाहावी, आणि ती फार जुनी असेल तर मी तो घेणार नाही, मग किंमत काहीही असो.

परदेशातून मागवायचे असल्यास कोणती काळजी घ्यावी?

विक्रेत्याला चासी क्रमांक लिहून पाठवावा आणि उत्तर लेखी घ्यावे. चुकीचा भाग परत पाठवण्याचा खर्च अनेकदा भागाच्या किमतीला टेकतो. वायूभरित शॉक मालवाहतुकीच्या नियमांत दाबाखालील वस्तूंमध्ये, यूएन ३१६४ या क्रमांकाखाली येतात, त्यामुळे विमानाने पाठवताना कुरिअर कंपनी जादा कागद मागू शकते. सीमाशुल्क, कर आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क धरून हिशेब केला तर मुंबईच्या एखाद्या चांगल्या आयातदाराकडचा भाव बहुधा फार वेगळा निघत नाही, आणि तिथे माल हातात घेऊन पाहता येतो.

बसवताना गॅरेजमध्ये उभे राहून काय पाहावे?

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकभोवती नसते, ती खालचा आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये वेगळी बसवलेली असते, आणि आर्म किती खाली जाईल हे शॉकच ठरवतो. मारुती, ह्युंदाईवर हात बसलेला मिस्त्री गाडी लिफ्टवर घेतो, चाक काढतो आणि शॉकचे खालचे तीन बोल्ट सोडू लागतो. खालच्या आर्मला जॅकचा आधार न देता हे केले, तर दबलेली स्प्रिंग आर्मला धाडकन खाली ढकलते. हात मध्ये असेल तर तो जातो. आधी आर्मखाली जॅक लावून थोडा उचलायचा, मग बोल्ट सोडायचे. मागच्या बाजूलाही हाच क्रम.

दुसरी गोष्ट दांड्याची. वरचा नट घट्ट करताना दांडा गरगर फिरतो. त्याला फिरू न देण्यासाठी टोकाला पाना लावण्याची सोय केलेली असते. घाईत मिस्त्री आवरण वर सरकवून चकचकीत दांड्यालाच पकड-पान्याने धरतो. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये माझ्या डोळ्यांदेखत हे झाले. मी ‘अहो दादा, थांबा!’ म्हणेपर्यंत दांड्यावर पकडीच्या दातांचे चार ओरखडे उमटले होते. ‘काही होत नाही साहेब, आतच जाणार आहे तो,’ असे उत्तर मिळाले. तो आतच जाणार होता, हीच तर अडचण होती : प्रत्येक फेरीत ते ओरखडे सीलवरून गेले आणि दोन महिन्यांत नवा शॉक ओघळू लागला. हमीत तो कोणी घेतला नाही, आणि घेतला नाही हे बरोबरच होते. हा नट आवळण्यासाठी हवेच्या गनचा वापरही मी करू देत नाही.

तिसरी गोष्ट, दोननळी शॉक आडवा ठेवून आलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्याआधी तो उभा धरून पूर्ण लांबीने चार-पाच वेळा सावकाश दाबावा आणि ओढावा. पोकळ झटके थांबले की तो तयार झाला. हे न केल्यास पहिले काही दिवस आवाज येतो आणि माल खराब निघाल्याची तक्रार होते.

चौथी आणि सहसा विसरली जाणारी गोष्ट : रबरी बुश असलेले कोणतेही बोल्ट सैल केले असतील, तर ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली ठेवताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते.

नंतर व्हील अलाइनमेंट करावे लागते का?

नुसते शॉक बदलले असतील तर पुढच्या कोनांत सहसा मोठा फरक पडत नाही, पण तपासून घेणे चांगले. स्प्रिंग किंवा पॅड बदलून उंची बदलली असेल, तर अलाइनमेंट अनिवार्य आहे. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) या गाडीत खालच्या आर्मच्या विकेंद्री बोल्टांवरून जुळवले जातात. ‘यात कॅम्बर ॲडजस्ट होत नाही’ असे सांगणाऱ्या दुकानातून नमस्कार करून निघावे.

गाडी थोडी खाली करायची आहे. त्यात काही हरकत?

आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे आखूड शॉक मिळून केले, तर तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्याला आडकाठी करते, आणि पंधरा वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी आरटीओपुढे न्यावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे. सोसायटीच्या दारातला गतिरोधक तर रोजच तपासणी करतो.

नवे शॉक घातले आणि गाडी आधीपेक्षा कडक व किंचित उंच वाटते. चूक झाली का?

सहसा नाही. मेलेल्या शॉकची सवय झालेली असल्यामुळे चांगला शॉक सुरुवातीला कडकच वाटतो, आणि वायूचा दाब गाडीला काही मिलिमीटर उचलतो. साधारण हजार किलोमीटर चालवून मग मत बनवावे. तरीही छोट्या खड्ड्यांत टोचल्यासारखे वाटत असेल, तर टायरमधली हवा मोजावी. पेट्रोल पंपावर सगळ्या गाड्यांना ३५ भरण्याची पद्धत आहे, आणि या गाडीला योग्य तो आकडा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो.

बसवल्यानंतर पुन्हा केव्हा पाहावे?

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व नट एकदा तपासावेत आणि दांड्याभोवती ओलसरपणा आहे का ते पाहावे. त्यानंतर दर पावसाळा संपल्यावर, खालची माती धुऊन.